इनो सेटअप : लॅबसाठी कंपायलरचा संच बांधायला कितपत कामाचे?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या कुठल्याही डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये किंवा खासगी क्लासमध्ये सी शिकवायला सुरुवात झाली की पहिले तास कंपायलर (लिहिलेल्या कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारे साधन) बसवण्यातच जातात. झिप फाइल पेन ड्राइव्हवरून फिरते, कुणी ती डेस्कटॉपवर उघडतो, कुणी डाउनलोड्समध्ये, आणि मग पाथ (टाइप केलेला प्रोग्रॅम विंडोज ज्या फोल्डरांत शोधते त्यांची यादी) घालताना अर्ध्या मुलांचे काहीतरी चुकते. यावर उपाय एकच : कंपायलर, एडिटर आणि दोन-चार नमुना प्रोग्रॅम एकत्र करून त्यांचा डबल-क्लिकवर चालणारा सेटअप बांधणे. असे सेटअप बांधायच्या साधनांपैकी इनो सेटअप हे विंडोजसाठी सगळ्यात हुकमी. जॉर्डन रसेल यांनी १९९७ साली ते बाहेर आणले आणि आजही त्यात सुधारणा होत आहेत. गिट फॉर विंडोज आणि व्हिज्युअल स्टुडिओ कोड या दोन्हींचे सेटअप यावरच बांधलेले आहेत, म्हणजे त्याचा चेहरा तुमच्या मुलांनी आधीच पाहिलेला असतो.

निकाल आधीच सांगून टाकू. खिडक्या, बटणे, प्रगतीची पट्टी, अनइन्स्टॉलर हे सगळे इनो जवळजवळ फुकटात देते. पण डेव्हलपमेंट टूलचा सेटअप खिडक्यांवर पास होत नाही. सेटअप संपल्यावर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून जीसीसी, म्हणजे सी कंपायलरचे नाव, टाइप केले आणि उत्तर आले, तरच तो पास. त्या कामासाठी लागणारे पाथचे प्रकरण इनोने बरेचसे तुमच्यावर सोडले आहे, आणि बहुतेक सेटअप तिथेच बिघडतात.

काम कसे चालते ते थोडक्यात. एक साधी मजकुराची स्क्रिप्ट लिहायची. तिचे विभाग ठरलेले : सेटअप, फाइल्स, आयकॉन्स, टास्क्स, रजिस्ट्री, रन आणि गरज पडली तर पास्कलमध्ये लिहायचा कोड विभाग. (इथे नावे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थात रोमन अक्षरांत.) कंपाइल केले की एकच सेटअप फाइल तयार. सोबतच्या एडिटरमध्ये एक विझार्ड आहे, तो प्रश्न विचारून प्राथमिक स्क्रिप्ट लिहून देतो. तो एकदा वापरावा आणि तिथून पुढे हाताने लिहावे, कारण विझार्डची रचना एका मुख्य प्रोग्रॅमभोवती आहे. कंपायलरच्या संचात तसे काही नसते. फाइल्स विभागात उपफोल्डरसकट सगळे घ्यायचा पर्याय लावला की हजारो हेडर फाइली एका ओळीत आत येतात. एलझेडएमए-२ ही दाबण्याची पद्धत आणि सॉलिड कॉम्प्रेशन (सगळ्या फाइली एकत्र धरून दाबणे) लावल्यावर सेटअपचा आकार झिपपेक्षा चांगलाच उतरतो, कारण हेडर फाइलींत सारखा मजकूर फार असतो. बसायला मात्र वेळ लागतो. एवढ्या बारीक फाइली लिहिल्या जाताना अँटिव्हायरस प्रत्येकीला हात लावतो, आणि जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर पट्टी एकाच जागी थांबल्यासारखी दिसते. अडकले असे समजून मुले खिडकी बंद करतात. त्या पानावर "थोडा वेळ लागेल" अशी एक ओळ घातलेली बरी.

फोल्डर कुठला द्यावा, इथे सगळ्यांची पहिली चूक होते. इनोचे नमुने प्रोग्राम फाइल्सकडे बोट दाखवतात. त्या नावात मोकळी जागा आहे, आणि जीएनयू मेकला (प्रोग्रॅम बांधायच्या साधनाला) मोकळी जागा असलेले पाथ धड चालत नाहीत. म्हणून कुणी वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरकडे वळते, कारण तिथे ॲडमिन पासवर्ड लागत नाही. पण घरच्या लॅपटॉपवर वापरकर्त्याचे नाव मराठीत किंवा कन्नडमध्ये असेल तर ते नाव पाथमध्ये येते आणि मिनजीडब्ल्यूच्या (जीसीसीच्या विंडोजवरच्या रूपाच्या) कित्येक आवृत्त्या अशा पाथवर हेडर सापडत नाही म्हणून रडतात. आमच्या मते सी ड्राइव्हच्या मुळाशी एक छोटे, फक्त रोमन अक्षरांचे, मोकळी जागा नसलेले फोल्डर द्यावे. विंडोजच्या मूळ सेटिंगमध्ये तिथे नवे फोल्डर करायला ॲडमिन लागत नाही. याची एक किंमत आहे : त्या मशीनवरचा दुसरा वापरकर्ताही त्या फायली बदलू शकतो. घरच्या लॅपटॉपवर याने बिघडत नाही. सामायिक लॅबमध्ये ॲडमिन म्हणून बसवून फोल्डरचे हक्क आवळावेत.

वापरकर्त्याने फोल्डर बदललाच, तर नेक्स्ट दाबताना कोड विभागातून तपासणी करता येते. निवडलेल्या पाथमध्ये मोकळी जागा किंवा रोमनबाहेरचे अक्षर दिसले तर संदेश दाखवून तिथेच थांबवायचे. दहा ओळींचे काम आहे, आणि पुढचे शंभर फोन वाचवते.

आता पाथ. इनोमध्ये पाथसाठी वेगळी सोय नाही, रजिस्ट्रीतूनच (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातूनच) लिहावे लागते. एका वापरकर्त्यापुरते बसवत असाल तर त्याच्या एन्व्हायर्नमेंट कीमधली पाथ व्हॅल्यू घ्यायची आणि "ओल्डडेटा" या स्थिरांकाने (महिरपी कंसात लिहायच्या इनोच्या ठरलेल्या शब्दाने) आधीचा मजकूर राखून शेवटी आपला बिन फोल्डर, म्हणजे कंपायलर ज्यात आहे तो, जोडायचा. यात पाच ठिकाणी पाय घसरतो.

व्हॅल्यूचा प्रकार "एक्स्पांडएसझेड" हवा. साधी स्ट्रिंग लिहिली तर पाथमधले टक्केचिन्हातले तुकडे, उदाहरणार्थ यूझरप्रोफाइल, उलगडणे बंद होते आणि दुसरीच कुठली तरी टूल्स दिसेनाशी होतात. अशा वेळी दोष तुमच्या सेटअपवर यायला दोन आठवडे लागतात, तोवर सगळे विंडोजला शिव्या देत असतात.

सेटअप पुन्हा चालवला की तोच फोल्डर पाथमध्ये दुसऱ्यांदा जातो. ते टाळायला फोल्डर आधीच पाथमध्ये आहे का ते पाहणारे चेक फंक्शन लावतात. पण या फंक्शनला फोल्डरचा स्थिरांक जसाच्या तसा दिला तर तो उलगडत नाही. महिरपी कंसातला शब्द तसाच शोधला जातो, कधीच सापडत नाही आणि पाथ वाढतच राहतो. "एक्स्पांडकॉन्स्टंट"मधून काढून मगच द्यावा. एकमेकांकडून उतरवून घेतलेल्या स्क्रिप्टमध्ये हा दोष फार दिसतो.

तिसरी घसरण सगळ्यात महागाची. अनइन्स्टॉलच्या वेळी आपला भाग निघावा म्हणून काही जण त्या ओळीला "अनइन्सडिलीटव्हॅल्यू" हा फ्लॅग लावतात. तो फ्लॅग आपला तुकडा काढत नाही, पूर्ण पाथ व्हॅल्यूच पुसतो. आपला तुकडा काढायचा तर अनइन्स्टॉलच्या टप्प्यावर चालणारी प्रोसिजर लिहून पाथ वाचायचा, त्यातून तेवढाच भाग वगळायचा आणि पुन्हा एक्स्पांड प्रकारातच लिहायचा. इनोने एवढी वर्षे झाली तरी ही सोय तयार दिलेली नाही, याचे गुण कापायलाच हवेत.

चौथे : सेटअप विभागात "चेंजेसएन्व्हायर्नमेंट" चालू ठेवावे. ते असेल तर काम संपताना विंडोजला बदल कळवला जातो. नसेल तर लॉग-ऑफ करेपर्यंत नवा पाथ दिसत नाही. आणि ते असले तरी आधीपासून उघडी असलेली काळी खिडकी किंवा एडिटर जुनाच पाथ धरून बसतात. शेवटच्या पानावर तसे स्पष्ट लिहा.

पाचवे ॲडमिनचे. मुलाच्या लॉगिनमध्ये लॅब असिस्टंटने स्वतःचा ॲडमिन पासवर्ड घालून सेटअप चालवला, तर सेटअपला "सध्याचा वापरकर्ता" म्हणून ॲडमिन दिसतो आणि पाथ त्याच्या खात्यात जातो. मुलाच्या खात्यात काहीच नाही. इनोचा कंपायलर याबद्दल इशारा देतो, तो बंद करू नका. सगळ्यांसाठी बसवायचे असेल तर सिस्टीमचा पाथ, एकट्यासाठी असेल तर "प्रिव्हिलेजेसरिक्वायर्ड" (सेटअपला किती हक्क हवेत ते सांगणारी ओळ) सगळ्यात खालच्या पातळीवर. इनोच्या सहाव्या मालिकेत, म्हणजे २०१९ पासून, हा पर्याय चालवणाऱ्याला विचारायची खिडकीही मिळते.

क्रमाचाही घोळ आहेच. विंडोज आधी सिस्टीमचा पाथ पाहते, मग वापरकर्त्याचा. मशीनवर आधीच स्ट्रॉबेरी पर्ल असेल तर त्याच्यासोबत आलेली जीसीसी आधी सापडते. पायथनचा संच बांधत असाल तर आपला फोल्डर शेवटी न जोडता सुरुवातीला जोडा, नाहीतर पायथन टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते. शंका आली की "व्हेअर" ही कमांड चालवावी. कुठली प्रत आधी सापडते ते तिच्या पहिल्या ओळीत दिसते.

तुलनेला एनएसआयएस हे सेटअप बांधायचे दुसरे साधन घेऊ. विनॲम्पवाल्या नलसॉफ्टचे हे साधन छोटे आणि लवचीक आहे, पण त्याची भाषा असेंब्लीच्या वळणाची. मुख्य म्हणजे त्याच्या नेहमीच्या बिल्डमध्ये स्ट्रिंगची मर्यादा १०२४ अक्षरांची आहे. लांब पाथ वाचून परत लिहिला की शेपूट कापले जाते. मोठ्या स्ट्रिंगचा वेगळा बिल्ड मिळतो, तो मुद्दाम घ्यावा लागतो. पाथ बदलणाऱ्या विंडोजच्या "सेटएक्स" कमांडनेही १०२४ वर कात्री लागते, तेव्हा रन विभागातून सेटएक्स चालवण्याचा सोपा वाटणारा मार्गही नको. विक्स या तिसऱ्या साधनाचा रस्ता एमएसआयचा (विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलर फाइलचा) आणि एक्सएमएलचा. पूर्ण कॉलेजला डोमेनच्या ग्रुप पॉलिसीतून सॉफ्टवेअर ढकलायचे असेल तर तोच घ्यावा, कारण इनो एमएसआय बनवत नाही. तीस-चाळीस मशीनच्या लॅबसाठी तो पसारा कशाला?

खिडक्यांबद्दल एकच आग्रह : पाने कमी ठेवा. गिटचा सेटअप एडिटर, शाखेचे नाव, पाथ, ओळीचा शेवट, टर्मिनल असे एकामागून एक विचारत जातो. पहिल्या वर्षाच्या मुलाला यातला एकही प्रश्न कळत नाही, तो नेक्स्ट दाबत राहतो. स्टार्ट मेनू गटाचे पान बंद करा, घटक निवडायचे पान गरज नसेल तर ठेवूच नका, पाथचा पर्याय एका टिकमार्कवर आणा आणि ती आधीच लावलेली असू द्या. आधुनिक शैली निवडली की खिडकी मोठी आणि वाचायला सोपी होते. डाव्या बाजूचे चित्र १६४ बाय ३१४ पिक्सेलचे.

भाषा हा या भागातला खास विषय. मूळ संचातल्या भाषांत मराठी आणि कन्नड नाहीत, पण संदेशांची फाइल साधी मजकुराची असल्याने मूळ इंग्रजी फाइलची प्रत करून भरता येते. भाषेचा क्रमांक मराठीसाठी ०४४ई, कन्नडसाठी ०४४बी. अक्षरांसाठी निर्मला यूआय द्यावा, विंडोज ८ पासून तो प्रत्येक मशीनवर असतो आणि दोन्ही लिप्या त्यात आहेत. फाइल बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीच्या युनिकोड खुणेसह) यूटीएफ-८ मध्ये जतन करा. मजकूर डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेणार असाल तर आधी विचारा. जुन्या नुडी किंवा श्रीलिपीच्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर सेटअपच्या खिडकीत निव्वळ चिन्हांचा कचरा दिसतो. संदेशांतली टक्केचिन्हे आणि चौकटी कंसातले नावाचे शब्द हलवू नका. निम्मी मुले मराठी शाळेतून, निम्मी कन्नड शाळेतून आलेल्या वर्गात सुरुवातीला भाषा विचारणारी खिडकी चालूच ठेवावी. इथल्या मशीनवर विंडोज बहुधा इंग्रजीत असते, त्यामुळे भाषा आपोआप ओळखण्यावर विसंबून चालत नाही.

पूर्ण लॅबवर बसवताना इनो खरे गुण मिळवते. "व्हेरीसायलेंट", "सप्रेसएमएसजीबॉक्सेस", "नोरीस्टार्ट" आणि "लॉग" हे चार पर्याय देऊन बॅच फाइलमधून, "स्टार्ट"ला "वेट" लावून चालवले की एकही खिडकी न उघडता काम होते. परतीचा कोड शून्य आला तर ठीक, नाहीतर लॉग उघडायचा. लॉग इतका तपशिलाने लिहिलेला असतो की कुठल्या फाइलवर अडले ते लगेच सापडते. रीस्टार्टनंतर डिस्क पूर्ववत करणारे सॉफ्टवेअर लॅबमध्ये असेल तर आधी ते तात्पुरते बंद करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळे गायब. ६.१ पासून सेटअपमधूनच इंटरनेटवरून फायली उतरवायचे पानही आले आहे. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांतली मुले घरी बसवणार असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका, सगळे आत भरलेला सेटअपच द्या.

डिजिटल सही नसलेला सेटअप व्हॉट्सॲप किंवा गूगल ड्राइव्हवरून उतरवला की स्मार्टस्क्रीनची (विंडोजच्या धोक्याच्या इशाऱ्याची) निळी खिडकी येते. फॅट-३२ पेन ड्राइव्हवरून दिला की सहसा येत नाही, कारण इंटरनेटवरून आल्याची खूण त्या ड्राइव्हवर टिकत नाही. सहीची सोय इनोत आहे, अनइन्स्टॉलरलाही सही लागते. पण जून २०२३ पासून सहीची किल्ली टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्ये असणे बंधनकारक झाल्याने छोट्या क्लासला ते परवडेलच असे नाही.

अनइन्स्टॉलबद्दल शेवटची ताकीद. इनो फक्त स्वतः ठेवलेल्या फायली काढते, मुलांनी त्याच फोल्डरात लिहिलेले प्रोग्रॅम राहतात. फोल्डर मागे उरतो म्हणून "अनइन्स्टॉलडिलीट" विभागात पूर्ण फोल्डर उडवायची ओळ घालू नका. कुणी बसवताना स्वतःच्या कामाचे फोल्डरच निवडले असेल तर सेमिस्टरभराचे काम त्या ओळीसोबत जाईल. आणि "ॲपआयडी" (सेटअपची ओळख) पहिल्या दिवशी ठरवून पुन्हा कधीच बदलू नका. बदलला की नवी आवृत्ती जुनीचीच सुधारणा म्हणून ओळखली जात नाही आणि बसवलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत दोन नोंदी दिसतात.

बिगरव्यावसायिक वापरासाठी इनोला पैसे लागत नाहीत. धंद्यासाठी वापरणाऱ्यांनी परवान्याच्या अटी आधी वाचाव्यात. जीसीसी वाटताना तिचा जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा) परवाना सेटअपमध्ये ठेवा आणि सोर्स, म्हणजे मूळ कोड, मागितला तर देता येईल अशी तजवीज ठेवा.