एसआर-आयओव्ही की व्हर्ट-आयओ: १० गिगाबिटच्या कार्डासाठी काय घ्यावं?

केव्हीएम किंवा प्रॉक्समॉक्स ही एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी सॉफ्टवेअर. त्यांच्या होस्टमध्ये, म्हणजे मूळ मशीनमध्ये, १० वा २५ गिगाबिटचं नेटवर्क कार्ड बसवलं की व्हीएमना, म्हणजे आभासी मशीनना, नेटवर्क कोणत्या वाटेने द्यायचं हे तेव्हाच ठरवलेलं बरं. नंतर बदलता येतं, पण चालू यंत्रणेला हात लावणं जिवावर येतं. मी दोन्ही प्रकार वापरले आहेत, त्यावरून सांगतो.

निव्वळ वेगात एसआर-आयओव्ही पुढे आहे, त्यात वाद नाही. कार्डाचं व्हर्च्युअल फंक्शन, म्हणजे व्हीएफ, थेट व्हीएमच्या ताब्यात जातं आणि होस्टचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मधे येत नाही. लहान पॅकेटांचा मारा असला की फरक लगेच कळतो. १० गिगाबिटच्या लाइनवर ६४ बाइटची पॅकेटं सेकंदाला १ कोटी ४८ लाखांपर्यंत जाऊ शकतात. व्हर्ट-आयओत व्हीएमला सॉफ्टवेअरचं आभासी कार्ड मिळतं आणि पॅकेटं होस्टच्या कर्नलमधून जातात; साध्या ब्रिजवरून (होस्टमधल्या सॉफ्टवेअर स्विचवरून) त्याला तो भार झेपत नाही. पण डेटाबेस, बॅकअप, फाइल सर्व्हर यांची पॅकेटं मोठी असतात. १५०० एमटीयूला (एमटीयू म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) तीच लाइन सेकंदाला ८ लाखांच्या आसपास पॅकेटांत भरते, शिवाय टीएसओ आणि जीआरओ या पॅकेटं एकत्र हाताळण्याच्या सोयींमुळे कर्नलसमोर येणारे तुकडे त्याहून मोठे असतात. आमच्याकडच्या कामांत तरी व्ही-होस्ट (व्हर्ट-आयओचा होस्टच्या कर्नलमधला भाग) कमी पडलेला मला जाणवला नाही. फक्त मल्टिक्यू, म्हणजे एका कार्डाला अनेक रांगा, चालू हवं. ‘टॉप’ कमांडमध्ये एकच व्ही-होस्ट थ्रेड १०० टक्क्यांना टेकलेला दिसला, तर कार्डाला दोष देण्याआधी व्हीएमच्या क्यू व्हीसीपीयूंएवढ्या (त्याच्या आभासी प्रोसेसरांएवढ्या) आहेत का ते बघा, जुन्या गेस्टमध्ये (व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) ईथटूल कमांडनेही त्या वाढवाव्या लागतात.

एसआर-आयओव्हीवरून माझं मन ज्यामुळे उडालं ती गोष्ट वेगाची नव्हतीच. एका होस्टवर डेटाबेसच्या व्हीएमला व्हीएफ दिलेला, बॅकअपचं व्हीएम ब्रिजवर, आणि दोन्ही त्याच पोर्टवर. बाहेरून दोघांनाही पिंग जायचं. आपसांत मात्र काही केल्या जात नव्हतं. गोंधळात टाकणारा भाग असा की डेटाबेसच्या बाजूला एआरपीच्या तक्त्यात (कोणत्या आयपीचा मॅक कोणता याच्या नोंदीत) बॅकअपचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा हार्डवेअर पत्ता, अगदी बरोबर दिसत होता. ब्रिजवर टीसीपीडम्प (पॅकेटं टिपून दाखवणारं साधन) लावला, तर एआरपीची विचारणा येत होती, तिचं उत्तरही जात होतं, त्यामागून पिंगचं पॅकेट मात्र येतच नव्हतं. बॅकअपचं व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवलं की सगळं सुरळीत. तिथे फायरवॉलवरचा संशय फिटला.

कारण कार्डाच्या पोटात असतं. व्हीएफ चालू झाले की कार्डावरचा छोटा स्विच कामाला लागतो. ब्रॉडकास्ट तो सगळ्यांना वाटतो, म्हणून एआरपी जुळतं. पण ब्रिजमागच्या व्हीएमचे मॅक त्याला कोणी सांगितलेले नसतात आणि तो ते आपणहून शिकत नाही. अनोळखी पत्त्याचं पॅकेट तो तारेवर सोडून देतो. रॅकमधल्या स्विचच्या लेखी तो मॅक त्याच पोर्टमागे आहे, आणि आल्या पोर्टने पॅकेट परत पाठवायचं नाही हा त्याचा नियम. तिथे ते संपतं.

उपाय आहे. ‘ब्रिज एफडीबी अ‍ॅड’ने प्रत्येक व्हीएमचा मॅक मूळ पोर्टवर नोंदवायचा. पण होस्ट रीबूट झाला, व्हीएम इकडून तिकडे गेलं, नवं व्हीएम आलं की ती नोंद पुन्हा करायची. त्यासाठी स्क्रिप्ट लिहायची, आणि रात्री काही अडलं तर ड्यूटीवरच्या माणसाला ती माहीत असायला हवी. हेच मला नको झालं.

बाकीचे त्रास माहितीतले आहेत. व्हीएफची संख्या रीबूटनंतर शून्यावर येते, मॅक होस्टच्या बाजूने बांधून दिला नाही तर काही ड्रायव्हर दर वेळी नवा घेतात, किपअलाइव्हडीला (एक सर्व्हर पडला की त्याचा आयपी दुसऱ्याकडे देणाऱ्या सॉफ्टवेअरला) व्हर्च्युअल मॅक वापरायला लावला तर स्पूफ-चेक, म्हणजे खोटा मॅक रोखणारी कार्डावरची तपासणी, ती पॅकेटं गाळतो. व्हीएमची सगळी मेमरी पिन होते, म्हणजे कायम अडकून राहते, त्यामुळे बलूनिंगचा (व्हीएमची पडून असलेली मेमरी परत घेण्याचा) उपयोग राहत नाही. आणि लाइव्ह मायग्रेशन, म्हणजे चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं, अडतं. व्हर्ट-आयओची जोडी लावून त्यातून वाट काढता येते, पण मग दोन्हींची देखभाल आलीच. कर्नलचा पॅच लावायला दिवसाढवळ्या होस्ट रिकामा करता येणं ज्यांना लागतं, त्यांनी याचा नीट विचार करावा.

तुमचं काम राउटर, फायरवॉल किंवा व्हॉइस गेटवेचं असेल तर माझं म्हणणं कदाचित लागू होणार नाही. तिथे व्हीएफच घ्या, पण त्याच पोर्टवर ब्रिज ठेवू नका. एरवी मी व्हर्ट-आयओकडेच झुकेन. आमच्या कार्डांचा पहिला पोर्ट ब्रिजला दिलाय, दुसरा व्हीएफसाठी राखलाय, आणि त्या दुसऱ्यावर सध्या एकटं राउटरचं व्हीएम आहे.