घरच्या घरी डिटॉक्स: मुंबईत मिळणाऱ्या बाटल्या, पुड्या आणि चूर्णांतलं काय घ्यावं

तीन दिवसांच्या ज्यूस बॉक्ससाठी काही हजार रुपये मोजण्याआधी बाटलीच्या मागचं लेबल वाचा. पुढे ‘क्लीन्स’ लिहिलेलं असतं, खरी माहिती मागे बारीक अक्षरांत असते. मुंबईत डिटॉक्सच्या नावाने चार प्रकारचा माल मिळतो: घरपोच येणारे ज्यूस बॉक्स, डिटॉक्स चहाच्या पुड्या, सकाळी बागांबाहेर मिळणारे रस आणि काष्ठौषधींच्या दुकानातली चूर्णं. एकाच प्रकारातल्या दोन ब्रँडमध्ये फरक थोडाच असतो, म्हणून इथे ब्रँडचं नव्हे, प्रकाराचं परीक्षण केलं आहे.

कसोटी साधी ठेवली. शरीरातली नको असलेली द्रव्यं बाहेर काढायचं काम लिव्हर आणि किडन्या करतात. किडन्या दिवसाला सुमारे 180 लिटर द्राव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे जातं. हे काम एखादी बाटली त्यांच्याऐवजी करू शकत नाही. आपल्या हातात आहे ते पुरेसं पाणी, चोथा असलेलं अन्न, थोडी प्रथिनं, झोप आणि दारू-तळणाला सुट्टी. ज्या वस्तूने यातलं काही साधतं ती घ्यावी.

ज्यूस बॉक्स इथेच नापास होतो. साधारण सहा बाटल्या, प्रत्येकी 250 मिली, म्हणजे दिवसाला दीड लिटर. फळांच्या रसात 100 मिलीला सुमारे 10 ग्रॅम साखर असते. सहापैकी चार बाटल्या सफरचंद, संत्रं, अननस किंवा डाळिंबाच्या असल्या की साखर 100 ग्रॅमच्या आसपास गेली. जागतिक आरोग्य संघटना रसातली साखरही वरच्या साखरेतच धरते आणि 2000 कॅलरींच्या आहारात तिची मर्यादा 50 ग्रॅम सांगते. चोथा गाळून टाकलेला असतो, त्यामुळे ती साखर रक्तात झपाट्याने चढते आणि दोन तासांत पुन्हा भूक लागते. 60 किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात, या बाटल्यांतून त्याचा पाचवा हिस्साही मिळत नाही. तीन दिवसांत वजन दीड-दोन किलो उतरतं हे खरं, पण त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. लिव्हर आणि स्नायूंमध्ये साखरेचा जो साठा असतो तो, म्हणजे ग्लायकोजेन, संपला की त्याच्यासोबत धरलेलं तिप्पट पाणीही जातं, आणि जेवण सुरू झाल्यावर दोन्ही परत येतं.

मुंबईत आणखी एक अडचण आहे ती हवेची. कच्चा, न उकळलेला रस 4 अंशांच्या आत ठेवला तरच दोन-तीन दिवस टिकतो. अंधेरीच्या किचनमधून निघालेली बॅग दुपारी बाइकवर डोंबिवलीला पोचेपर्यंत बर्फाची पाकिटं कोमट झालेली असतात. बॉक्स घ्यायचाच असेल तर आल्याबरोबर बाटली हातात धरून पाहा: गार लागली पाहिजे, झाकण फुगलेलं नको, उघडताना ‘फुस्स’ आवाज नको. फेस आणि किंचित आंबूस वास आला तर ती बाटली ओतून टाका.

याच प्रकारात एक गैरसमज फार पसरला आहे. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकलं की ‘विषारी द्रव्यं बाहेर पडतायत’ असं ग्राहकाला सांगतात. बहुतेक वेळा ते चहा-कॉफी एकदम तोडल्याचं दुखणं असतं. शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत सुरू होतं, पहिले दोन दिवस जास्त असतं आणि मग उतरतं. चार कप पिणाऱ्याने आधीच्या आठवड्यात चारचे तीन, तीनचे दोन असं कमी करत आणलं आणि सकाळचा एक कप ठेवला, तर हे डोकं धरणं टळतं. एका कपाने काही बिघडत नाही.

डिटॉक्स चहा मात्र आम्ही सरळ ‘घेऊ नका’ या रकान्यात टाकतो. घटकांच्या यादीत सोनामुखी, सेना किंवा कॅसिया अँगुस्टिफोलिया शोधा. तिन्ही नावं एकाच जुलाबाच्या पाल्याची. रात्री घेतला की सहा ते बारा तासांत मोठ्या आतड्याला पिळ पाडून पोट साफ करतो. अन्नातल्या कॅलरी त्याआधीच लहान आतड्यात शोषलेल्या असतात, म्हणजे जातं ते पाणी आणि क्षार. आठवड्याहून जास्त दिवस घेतला तर पोटॅशियम घसरू शकतं, आणि पुढे पुड्या बंद केल्या की कोठा आणखी जड होतो. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर या चहाला हातही लावू नये. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या बाईला जोराचे जुलाब झाले तर त्या गोळीचाही भरवसा राहत नाही, आणि पाकिटावर हे सहसा छापलेलं नसतं.

सकाळी बागांच्या गेटपाशी मिळणारे रस स्वस्त आणि ताजे असतात. तिथल्या आवळ्याच्या रसाबद्दल आमची फारशी तक्रार नाही: एक भाग रस, तीन भाग पाणी, आणि प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, नाहीतर आंबटाने दात शिवशिवतात. पण दुधीचा रस तयार घेऊ नका. एखादा दुधी कडू निघतो, त्यात कुकुर्बिटासिन हे द्रव्य वाढलेलं असतं. अर्धा ग्लास पोटात गेला तरी उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी आणि रक्तदाब एकदम पडणं इथपर्यंत वेळ येते, आणि त्यावर उतारा नाही. देशात यातून मृत्यू झाले आहेत. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी कडू लागलेला रस टाकून द्यावा आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नये असं बजावलं. गाडीवर नेमकं उलट होतं: दुधी, कारलं, आवळा एकत्र पिळतात, आणि कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा कळतच नाही. घरी करताना देठाकडचा आणि खालच्या टोकाचा नखाएवढा तुकडा कापून कच्चाच जिभेच्या शेंड्यावर ठेवा. जराही कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि अख्खा दुधी फेका, भाजीतही घालू नका. रसाऐवजी दुधी शिजवून खाल्ला तर चोथाही मिळतो.

गुळवेलीच्या काढ्याबद्दल सावध राहा. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख नीट पटवली नसल्याचं म्हटलं. ग्राहकाला बाजारातली वेल ओळखता येत नाही, म्हणून लिव्हरचा किंवा थायरॉइडसारखा रोगप्रतिकार शक्तीशी जोडलेला आजार असेल तर हा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

काष्ठौषधींच्या दुकानातून दोन वस्तू आणण्यासारख्या आहेत. पहिली इसबगोल. पहिले दोन दिवस अर्धा चमचा, मग एक मोठा चमचा, साधारण 5 ग्रॅम. 250 मिली पाण्यात टाकून ढवळायचं आणि लगेच प्यायचं, वर आणखी एक ग्लास पाणी. थांबलात तर त्याचा चिकट गोळा होतो, आणि कमी पाण्यात किंवा कोरडं घेतलं तर घशात अडकू शकतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा. पहिल्यांदाच पूर्ण चमचा घेणाऱ्यांना गॅस धरतो आणि ते दोष इसबगोलाला देतात.

दुसरी त्रिफळा: हिरडा, बेहडा आणि आवळकाठी, तिन्ही बिया काढून समभाग. रात्री झोपताना 3 ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचा, कोमट पाण्याबरोबर. चांगलं चूर्ण पिवळट तपकिरी आणि हलकं असतं, जिभेवर आधी तुरट, मग कडवट-आंबट लागतं. चाळल्यावर करकरीत कण उरले तर बियांसकट दळलेलं आहे. मुंबईच्या दमट हवेत उघड्या पुडीला पावसाळ्यात गुठळ्या धरतात आणि बुरशीचा वास येतो, म्हणून 50 ग्रॅमच आणा, काचेच्या बरणीत ठेवा, चमचा कोरडा ठणठणीत हवा. पाकीटबंद औषधावर परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक पाहा, खाद्यपदार्थावर 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक. इसबगोल आणि त्रिफळा एकाच रात्री घेऊ नका. ज्याने कोठा सुधारतो ते ठेवा आणि दुसरं सोडा.

या सगळ्यांपेक्षा उजवं आणि स्वस्त म्हणजे मुगाचं कढण. दोन माणसांसाठी एक वाटी हिरवे मूग पाच-सहा तास भिजवा, सहा वाट्या पाण्यात चार-पाच शिट्ट्या काढा, रवीने घुसळा आणि गाळू नका, कारण सालीतच चोथा आहे. चमचाभर तुपात जिरं, हिंग, ठेचलेलं आलं, चार मिरी घालून फोडणी द्या. वरून दोन कोकमं आणि मीठ. एका माणसाला यातून 15 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. फोडणी करपली तर कढण कडवट लागतं, म्हणून जिरं तडतडताच गॅस बंद करा.

तीन दिवसांचा क्रम असा ठेवा. सकाळी कोमट पाणी आणि एक फळ सालीसकट. नाश्त्याला तांदळाची पेज किंवा नाचणीची आंबील. दुपारी ज्वारीची भाकरी, दुधी-पडवळ-लाल भोपळ्यापैकी शिजवलेली भाजी, वाटीभर ताक. चारला मूठभर भाजलेले चणे. रात्री आठच्या आत कढण आणि मऊ भात. पालक कच्चा वाटून त्याच्या हिरव्या स्मूदी करू नका. त्यातल्या ऑक्झलेटने मुतखडा असणाऱ्यांचा त्रास वाढतो. पाणी दिवसभरात दोन-अडीच लिटर, तेही घोटाघोटाने. किडन्या तासाला लिटरभरापेक्षा जास्त पाणी बाहेर टाकू शकत नाहीत, सकाळी एका दमात तीन-चार बाटल्या संपवल्या की रक्तातलं सोडियम उतरतं. मे महिन्यात लोकलने घामाघूम होऊन आलेल्याला नुसतं पाणी पुरत नाही, ताकात किंवा कोकम सरबतात चिमूटभर मीठ हवंच.

डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन, किडनीचा आजार, गरोदरपण, बाळाला अंगावर पाजणं, 18 च्या आतलं वय, किंवा पूर्वी खाण्यापिण्याचा मानसिक आजार झालेला असेल तर हा क्रमही डॉक्टरांना विचारूनच. चक्कर, धडधड, दिवसात चारपेक्षा जास्त जुलाब किंवा लघवी गडद पिवळी झाली तर लगेच थांबा आणि नेहमीचं जेवा. डोळे पिवळे दिसले तर घरगुती उपाय करत न बसता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, सोबत चालू असलेल्या चूर्णाचं पाकीट न्या.