१,४९९ रुपये आणि नळाचं पाणी : मन शांत ठेवायचं ॲप, सात महिन्यांनंतर

ॲपमध्ये काय आहे ते थोडक्यात : सकाळी कानातल्या आवाजाबरोबर दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं सत्र, मोजून श्वास घेणं-सोडणं, आणि रात्री तीन ओळी लिहिणं. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. मार्च एंडला झोप पार उडाली, तेव्हा पुण्याहून लेकीने हे फोनमध्ये घालून दिलं. वर्षाचे १,४९९ मात्र माझ्या खात्यातून गेले. सासूबाई म्हणाल्या, "दहा मिनिटं गप्प बसायला पैसे भरलेस?"

पहिले काही आठवडे खरंच बरे गेले. मग ४१व्या दिवशी माझा आकडा शून्यावर आला.

यात सलग दिवसांचा आकडा असतो. सकाळी आठच्या आत सत्र केलं तरच दिवस धरतात. आता आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी सुटतं, कधी पहाटे तीनला, कधी साडेसहाला. मोटर लावा, हौद भरा, मग वरची टाकी, मग पिंपं. पाण्याच्या दिवशी मी हौदाशेजारी बसून सत्र उरकायचे. कानात बाई सांगतेय 'डोळे अलगद मिटा', आणि पुढ्यात हौद वाहून चाललाय! ४१व्या दिवशी पाणीही उशिरा आलं आणि मोटरही अडली. सव्वाआठ झाले. शून्य!

ग्राहक सेवेला चार मेल केले. 'तुमच्या भावना आम्ही समजू शकतो' हे चारदा आलं. वर, गेलेला आकडा परत हवा असेल तर ९९ रुपये भरा म्हणे. मनःशांतीच्या ॲपने एवढा रक्तदाब वाढवावा? ९९ रुपयांत माझी दोन महिन्यांची शेंगा चटणी येते.

इथपर्यंत जूनमध्ये लिहून ठेवलं होतं, एकच तारा देणार होते. पुढचं आता ऑक्टोबरात लिहितेय.

रागाने पंधरा दिवस ॲप उघडलंच नाही. पण एकदा बँकेचा फोन आला, छातीत धडधडायला लागलं, आणि माझं मीच चार मोजून श्वास घेतला, सहा मोजून सोडला. सोडताना जास्त वेळ घेतला की नाडी जरा मंदावते, हे मला ॲपनेच शिकवलं होतं. ते श्रेय देते. रात्रीच्या तीन ओळी आता दहा रुपयांच्या वहीत लिहिते : उद्याची कामं आणि डोक्यात फिरणारी एक काळजी. कागदावर आली की निदान अंथरुणात तरी ती उकरली जात नाही. सिद्धेश्वर तलावाच्या कडेने अर्धा तास चालणं, आठवड्यातून पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना सांगते ती १५० मिनिटं त्यातच होतात. एप्रिल-मे मध्ये बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात चालायचं असेल तर सहाच्या आत निघायचं, नाहीतर दिवेलागणीनंतर. झोप अजून रोज लागतेच असं नाही, पण तीनला जाग आली तरी परत डोळा लागतो.

आकड्याचा राग मात्र गेलेला नाही. लेकीने २००९ सालचा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचा एक अभ्यास दाखवला. ९६ जण घेतले होते. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, असंही त्यात आहे. मग हे शून्य कसलं दाखवतात? ९९ रुपयांचंच ना!

आणखी एक. दोन आठवडे सतत उदास वाटत असेल, जेवण-झोप गेली असेल, तर यातली गोड आवाजाची बाई कामाची नाही, डॉक्टर गाठा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ॲपमध्ये तो नंबर मला कुठे दिसला नाही.

शिकवणीला तीन तारे, आकड्याला उणे एक, म्हणजे दोन. १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाची ४० टक्के सवलत आली, तीही फक्त नव्या ग्राहकांना! ऑटो-पे बंद केलंय. उद्या आमच्याकडे पाणी आहे, चालणं संध्याकाळी.