जर्मनीला नेलेली कडक भाकरी आणि शेंगा चटणी, एक वर्षानंतरचा रिव्ह्यू

जुळे सोलापुरात एका मावशींचं घरगुती दुकान आहे, नाव वगैरे काही नाही, गेटला नुसती पाटी लटकवलीय, 'कडक भाकरी व शेंगा चटणी मिळेल'. मागच्या वर्षी जर्मनीत केम्निट्झला मास्टर्ससाठी जायच्या आधी आईने तिथूनच सगळं घेऊन दिलं, आता सुट्टीत घरी आलेय आणि परत तिथूनच नेणारय. बाहेर शिकायला निघालेल्या पोरापोरींचे सारखे मेसेज येतात की काय काय नेऊ, म्हणून एकदाच नीट लिहिते.

मी ज्वारीच्या ६०, बाजरीच्या २० आणि चटणी दीड किलो नेली. भाकरी १२ रुपयाला एक, चटणी ३२० रुपये किलो. ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी असते असं मावशी सांगतात आणि चवीवरून पटतं, एकदम पातळ, दाताखाली कुर्रकन मोडते आणि मागून तो ज्वारीचा गोडवा येतो. चटणी उखळात कुटलेली आहे हे बोटाला तेल लागतं त्यावरूनच कळतं, मिक्सरमध्ये फिरवलं की नुसता दाण्याचा कूट होतो. लसूण भरपूर, तिखट आपल्या सोलापूरच्या हिशोबाने.

टिकायच्या बाबतीत ज्वारीच्या भाकरीला पूर्ण मार्क. ऑक्टोबरला नेलेली, शेवटची मार्चमध्ये खाल्ली, तेव्हाही तशीच कुरकुरीत. बाजरीची मात्र दीड महिन्यात खवट झाली, बाजरीत तेल जास्त असतं म्हणून, सात-आठ भाकरी टाकून द्याव्या लागल्या आणि फार जिवावर आलं. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "बाजरीची आधी संपवायची असती की बाळा." हे विकतानाच सांगायला पाहिजे होतं असं मला वाटतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. पहिल्या रविवारी मला माहीतच नव्हतं की तिथे रविवारी सुपरमार्केट बंद असतात, इथे रात्री उशिरा पार्क चौपाटीला गेलं तरी काहीतरी मिळतं, तिथे रस्त्यावर माणूस दिसेना. घरात तांदूळ नाही, भाजी नाही, त्या दिवशी दोन्ही वेळेला भाकरी-चटणीच खाल्ली. मग त्याची सवयच लागली. हॉस्टेलला आम्ही चौघं मिळून एक किचन, आणि मला सारखी भीती की लसणाचा वास येईल, कोणीतरी काहीतरी बोलेल, म्हणून मी संध्याकाळी खोलीचं दार लावून, आईला व्हिडिओ कॉल लावून, पलंगावर बसून जेवायचे. तीन आठवडे असंच. नोव्हेंबर लागला की तिथे साडेचारलाच अंधार पडतो, आणि अंधार पडला की मी खोलीत ते थेट सकाळी बाहेर. बाकीचे किचनमध्ये हसताना ऐकू यायचे आणि मला वाटायचं ह्यांचं ह्यांचं चाललंय, आपलं काय काम.

एक दिवस पाणी घ्यायला गेले तर शेजारच्या खोलीतली जर्मन मुलगी ब्रेड, चीज, काकडी असं गार जेवण घेऊन बसली होती. मला आधी वाटायचं ही लोकं रात्रीचा स्वयंपाकच करत नाहीत, कसलं घर हे, पण त्यांच्यात ती पद्धतच आहे, त्याला 'आबेंडब्रोट' म्हणतात, म्हणजे सरळ संध्याकाळचा ब्रेड. तर तिने मला विचारलं, रोज संध्याकाळी भिंतीतून कुर्रकुर्र आवाज येतो, तू खातेस तरी काय? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून एक भाकरी आणून दाखवली. तिने मोडली, वास घेतला आणि म्हणाली, अगं हे तर क्नेकेब्रोट! त्यांच्याकडे तसा पातळ कडक ब्रेड पाकिटात मिळतो. तिने त्यावर बटर आणि चीज लावलं आणि अर्धी भाकरी संपवली. आर्मेनियाचा एक सीनियर होता, त्याने तर न सांगता भाकरीवर पाणी शिंपडलं आणि फडक्यात गुंडाळून ठेवली, त्यांच्याकडे लवाश वाळवून महिनोन्‌महिने ठेवतात आणि खायच्या वेळी असंच मऊ करतात. माझी आजी अगदी हेच करायची, तिला दात नव्हते म्हणून. मला तिथेच रडू आलं.

मग त्या मुलीने तोंडावर विचारलं, तू खोलीत का जेवतेस, आम्हाला वाटलं तुला आम्ही आवडत नाही. मी तीन आठवडे उलटं समजून बसले होते. तिथे लोकं बोलवायला येत नाहीत पण गेलात तर सरकून जागा देतात, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर रोज टेबलावर, आणि जर्मन मी क्लासपेक्षा तिथे जास्त शिकले.

चटणीची बरणी मात्र टेबलावर लगेच उघडली नाही ते बरं झालं, कारण चौथ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली, साधी नाही, दवाखान्यात न्यावं लागेल अशी. तिथे मेन्सात म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कॅन्टीनमध्ये प्रत्येक पदार्थापुढे ॲलर्जीचे कोड लिहिलेले असतात, आणि मावशींच्या पाकिटावर काय काय घातलंय त्याची एक ओळ नाही. मी बरणीवर मार्करने 'एर्डनुस' म्हणजे शेंगदाणा असं लिहिलं, चमचा वेगळा ठेवला. कोणालाही शेंगा चटणी द्यायच्या आधी विचारा, प्लीज, हे मी हात जोडून सांगते.

पॅकिंग तसं साधंच आहे. चटणीचं तेल पाकिटातून झिरपून माझं एक स्वेटर गेलं, तेव्हा घरी आणून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि तिथे फ्रीजमध्ये ठेवा. भाकरी स्टीलच्या गोल डब्यात, मध्ये मध्ये कागद, आणि डबा सोलापुरी चादरीत गुंडाळून बॅगेच्या मधोमध. माझ्या ६० पैकी चारच मोडल्या, आणि चादर थंडीत लागतेच. तूप, पेढे, खवा नेऊ नका, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे. मसूर डाळ तिथे सगळीकडे मिळते, आमटी करून भाकरी कुस्करा, दही म्हणून क्वार्क, म्हणजे त्यांचं मऊ ताजं चीज, उचलू नका, साधं नाटुरयोगुर्ट घ्या.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क लेबल नाही म्हणून कापला. यावेळी ज्वारीच्या १०० सांगितल्यात, बाजरी नाही. दुपारी १ ते ४ दुकान बंद असतं आणि जास्त पाहिजे असेल तर चार दिवस आधी सांगावं लागतं. चटणीत काय काय आहे ते मी इंग्लिश आणि जर्मनमध्ये टाईप करून मावशींकडे प्रिंट ठेवल्यात, चटणीच्या डब्यामागे आहेत, बाहेर नेणार असाल तर मागून घ्या.