व्हिसा नको, पण कागद हवेत: आयाटाच्या टिमॅटिक सेवेचे परीक्षण

भारतीय पासपोर्टवर व्हिसाशिवाय जाता येणाऱ्या देशांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून नव्याने फिरत असते आणि तिच्यावर विसंबून तिकिटे काढणारेही कमी नाहीत. विमानतळावरच्या चेक-इन काउंटरवरील कर्मचारी मात्र ती यादी पाहत नाही. तो टिमॅटिक पाहतो, म्हणजे कोणत्या प्रवाशाला कोणत्या देशात शिरताना कोणती कागदपत्रे लागतात हे सांगणारी माहितीसेवा. आयाटा, म्हणजे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, 1963 पासून ही माहिती संकलित करत आली आहे. पूर्वी ती छापील पुस्तिकेतून मिळत असे, आता ती संगणकावर असते आणि जगातील बहुतेक मोठ्या विमान कंपन्या प्रवाशाला विमानात घ्यायचे की नाही हे तिच्या आधाराने ठरवतात. हीच माहिती सामान्य प्रवाशाला आयाटा ट्रॅव्हल सेंटरच्या संकेतस्थळावर आणि काही विमान कंपन्यांच्या स्वतःच्या पानांवर पाहता येते. पुढील परीक्षण या सेवेचे आहे आणि ते व्हिसामुक्त प्रवास करणाऱ्या भारतीय पर्यटकाच्या गरजेपुरते मर्यादित आहे.

विमान कंपनी एवढी चौकशी का करते, हे आधी समजून घेतले तर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा राग येत नाही. 1944 च्या शिकागो करारातील नवव्या परिशिष्टानुसार प्रवाशाजवळ आवश्यक कागदपत्रे आहेत याची खबरदारी विमान कंपनीने घ्यायची असते आणि प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावरच पडते. शिवाय अनेक देश दंड आकारतात. आपल्याकडेही 2000 च्या कायद्याने योग्य कागदपत्रांशिवाय आणलेल्या प्रत्येक प्रवाशामागे विमान कंपनीला 1 लाख रुपयांचा दंड ठरवला होता. 2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या इमिग्रेशन कायद्याने घेतली. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाने तुम्हाला सोडले आणि पलीकडच्या अधिकाऱ्याने अडवले, तर भुर्दंड त्याच्या कंपनीला बसतो, म्हणून तो शंकेचा फायदा प्रवाशाला सहसा देत नाही.

सेवा वापरायला सोपी आहे, पण ती प्रश्न बरेच विचारते. नागरिकत्व, पासपोर्टचा प्रकार, त्याची मुदत, राहण्याचा देश, निघण्याचे आणि पोहोचण्याचे ठिकाण, वाटेतला थांबा, मुक्कामाचे दिवस आणि कारण असे सगळे भरले की उत्तर पासपोर्ट, व्हिसा आणि आरोग्य अशा भागांत येते. उदाहरणादाखल मुंबईहून क्वालालंपूरचा प्रवास घेऊ. मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना 30 दिवसांपर्यंत व्हिसाची अट माफ केली आणि ही सवलत पुढे 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवली. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु व्हिसाच्या आधी पासपोर्टची अट येते: तो पोहोचण्याच्या दिवसापासून किमान 6 महिने वैध असला पाहिजे. म्हणजे 10 जानेवारीला पोहोचणाऱ्याचा पासपोर्ट 5 जुलैला संपत असेल, तर परतीचे तिकीट 17 जानेवारीचे असूनही तो मुंबईतच अडकू शकतो. त्यानंतर परतीचे किंवा पुढच्या प्रवासाचे तिकीट, खर्चापुरते पैसे आणि 1 जानेवारी 2024 पासून लागू झालेले मलेशियाचे डिजिटल आगमनपत्र, म्हणजे एमडीएसी, यांचा क्रम लागतो.

टिमॅटिकचा खरा गुण तिच्या भाषेच्या काटेकोरपणात आहे. एखादी वस्तू जवळ असलीच पाहिजे असे एका देशाबाबत म्हटलेले असते, तर दुसऱ्या देशाबाबत ती नसल्यास प्रवेश नाकारला जाऊ शकतो एवढेच म्हटलेले असते. पहिल्या प्रकारात काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या प्रकारात कर्मचाऱ्याच्या आणि त्याच्या वरिष्ठाच्या निर्णयाला वाव असतो. एजंटांच्या पत्रकांत हा फरक पुसून टाकलेला असतो, कारण तेथे सगळ्याच अटी ‘आवश्यक कागदपत्रे’ या एका मथळ्याखाली कोंबलेल्या असतात.

या काटेकोरपणाचा उपयोग मला मुंबईच्या टर्मिनल 2 वर झाला. मलेशियात शिरून उत्तरेकडे रेल्वेने पाडांग बेसारपर्यंत आणि तेथून सीमा ओलांडून थायलंडमधील हाट याईला जायचे, असा बेत होता. मलेशियातून बाहेर पडण्याचे विमान तिकीट त्यामुळे नव्हते; रेल्वेचे होते. काउंटरवरील तरुण कर्मचाऱ्याने ते तिकीट दोनदा उलटसुलट पाहिले आणि ‘सर, फ्लाइटचं दाखवा’ असे नम्रपणे, पण ठाम सांगितले. मी वाद न घालता वरिष्ठांना बोलावण्याची विनंती केली आणि छापून आणलेले टिमॅटिकचे पान पुढे ठेवले. त्यात पुढच्या प्रवासाचे तिकीट एवढाच उल्लेख होता, ते विमानाचेच असावे असे कोठेही नव्हते. वरिष्ठ बाईंनी स्वतःच्या पडद्यावर तोच मजकूर वाचला, हाट याईहून मुंबईला परतण्याचे आरक्षणही पाहिले आणि बोर्डिंग पास दिला. पान नसते तर त्यांनी तोच निर्णय दिला नसता असे मी म्हणणार नाही, परंतु बोलणे मुद्द्यावर राहिले ते त्यामुळेच.

वाटेतल्या थांब्यांबाबत ही सेवा सर्वांत अधिक उपयोगी आहे आणि नेमका हाच रकाना लोक रिकामा सोडतात. स्वस्त पडते म्हणून मुंबई ते सिंगापूर एका कंपनीचे आणि सिंगापूर ते क्वालालंपूर दुसऱ्या कंपनीचे अशी दोन वेगळी तिकिटे काढली, तर सामान सिंगापुरात ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागण्याची शक्यता असते. त्यासाठी तेथील इमिग्रेशन ओलांडावे लागते आणि सिंगापूरसाठी भारतीयांना व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, जपान यांसारख्या काही देशांचा वैध व्हिसा असलेल्यांना 96 तासांची विनाव्हिसा ट्रान्झिटची, म्हणजे वाटेत थांबून पुढे जाण्याची, सवलत आहे, पण तिलाही अटी आहेत. म्हणजे जेथे जायचे तो देश व्हिसामुक्त, आणि अडवणार मात्र वाटेतला. क्वालालंपूरमध्येही टर्मिनल 1 वर उतरून टर्मिनल 2 वरून वेगळ्या तिकिटावर पुढे जाणाऱ्याला इमिग्रेशनमधून बाहेर पडूनच पलीकडे जावे लागते. त्यामुळे ‘मी तर फक्त विमान बदलणार’ असे समजून एमडीएसी न भरणाऱ्याची पंचाईत होते.

फिरत्या याद्यांपेक्षा या सेवेवर भरवसा ठेवण्याचे आणखी एक कारण म्हणजे नियम बदलण्याचा वेग. थायलंडने नोव्हेंबर 2023 मध्ये भारतीयांना 30 दिवसांची सूट दिली आणि जुलै 2024 मध्ये ती 60 दिवसांवर नेली. नंतर 1 मे 2025 पासून टीडीएसी हे डिजिटल आगमनपत्र सक्तीचे केले. फिलिपिन्सने जून 2025 मध्ये भारतीयांना 14 दिवसांचा व्हिसामुक्त प्रवेश सुरू केला, पण हॉटेलचे आरक्षण, पुरेसे पैसे आणि परतीचे तिकीट यांची अट त्याच्यासोबतच आली. उलट इराणने फेब्रुवारी 2024 मध्ये दिलेली सवलत 22 नोव्हेंबर 2025 पासून स्थगित केली, कारण नोकरीच्या आमिषाने भारतीयांना तेथे नेऊन त्यांचे अपहरण करण्याचे प्रकार घडले होते. जुन्या यादीत इराण अजूनही हिरव्या रंगात दिसतो. केनियाची तर ‘व्हिसामुक्त’ ही पाटीच फसवी आहे: जानेवारी 2024 पासून तो देश व्हिसामुक्त म्हणवतो, पण ईटीए नावाची पूर्वपरवानगी पैसे भरून घेतल्याशिवाय विमानात बसता येत नाही.

आता उणिवा. माहिती इंग्रजीत आणि तीही कायद्याच्या मसुद्यासारखी आखडती असते. ‘अमुक लागते, याला अपवाद तमुक’ अशी उलट रचना पहिल्यांदा वाचणाऱ्याला गोंधळात टाकते. घरातील ज्येष्ठ मंडळी एकटी जाणार असतील, तर त्यांच्यासाठी कोणीतरी ते शांतपणे वाचून दिले पाहिजे. दुसरे म्हणजे टिमॅटिक अट सांगते, ती पुरी करून देत नाही. डिजिटल आगमनपत्रे त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः भरावी लागतात. मलेशिया आणि थायलंड या दोन्हींची पत्रे विनामूल्य आहेत आणि पोहोचण्याच्या आधीच्या 3 दिवसांत भरायची असतात. तरी गूगलवर शोधले की शुल्क मागणारी, सरकारी भासणारी खासगी पाने आधी वर येतात. हे पत्र भरताना आपल्याकडे नावाचाही घोळ होतो. मराठी माणसाच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव त्याच रकान्यात असते, तिकिटावर मात्र पुष्कळदा नुसते नाव आणि आडनाव असते. पासपोर्टवर जसे आहे तसेच दोन्हीकडे लिहावे, हा साधा उपाय आहे.

काही गोष्टी या सेवेच्या कक्षेतच येत नाहीत. पासपोर्टची शिलाई उसवलेली आहे किंवा पहिल्या पानाचा कोपरा सुटला आहे, हे तिला दिसणार नाही. काउंटरवर ते पहिल्यांदा दिसते. आपल्या बाजूचा इमिग्रेशन अधिकारी काय विचारील, हेही त्यात नसते. मलेशिया आणि थायलंड हे दोन्ही देश भारताच्या उत्प्रवास तपासणीच्या 18 देशांच्या यादीत आहेत, म्हणून ईसीआर, म्हणजे ही तपासणी आवश्यक असलेल्या, पासपोर्टधारकाला तेथे नोकरीसाठी जायचे असल्यास परवानगी लागते, आणि पर्यटक म्हणून निघालेल्या अशा तरुणाला थोडे अधिक प्रश्न विचारले गेले तर त्यात नवल नाही. शेवटचा निर्णय पलीकडच्या अधिकाऱ्याचा असतो, हे टिमॅटिकही नाकारत नाही.

परतीचे तिकीट नसलेल्यांसाठी काही संकेतस्थळे थोड्या पैशांत एक-दोन दिवस टिकणारे आरक्षण देतात. त्याचा पीएनआर खरा असतो, पण मुदत संपली की आरक्षण रद्द होते, आणि उतरल्यावर अधिकाऱ्याने तपासले तर खुलासा करणे अवघड जाते. याऐवजी पूर्ण परतावा मिळणारे तिकीट काढून नंतर रद्द करणे महाग वाटले तरी सरळ आहे; मी स्वतः तेच सुचवीन.

पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. एक गुण भाषेच्या आखडतेपणासाठी कापला आहे. मुंबईहून थेट जाऊन थेट परतणाऱ्या आणि हॉटेल आधी ठरवलेल्या कुटुंबाला ही सेवा पाच मिनिटे पाहिली तरी पुरेल. ज्यांची तिकिटे तुटक आहेत, वाटेत तिसरा देश आहे किंवा पासपोर्टची मुदत वर्षाच्या आत संपत आहे, त्यांनी तिकीट काढण्याआधी एकदा आणि आगमनपत्र भरण्याच्या दिवशी पुन्हा एकदा ती पाहावी, आणि दुसऱ्या वेळचे पान छापून पासपोर्टसोबत ठेवावे.