ठाण्यातल्या नौपाड्यात शेवळं मिळाली!

जूनमध्ये आई शेवळं ही पावसाळी रानभाजी करायची, घसा खाजू नये म्हणून काकडं ही आंबट रानफळं घालून. ती गेल्यावर घरी कुणी केलीच नाहीत. परवा नौपाड्यातल्या एका छोट्या हॉटेलच्या फळ्यावर 'आज शेवळं' वाचलं आणि आम्ही दोघी थेट आत शिरलो. भाजलेल्या खोबऱ्याचं दाट वाटण, सोललेले वाल, अगदी खिम्यासारखी चव. घशाला जराही खाज नाही! भाकरी दोनदा मागवली. फोडशी या रानभाजीचं थालीपीठ तर मला नवीनच, कडा छान कुरकुरीत. सोलकढी मात्र पाणचट होती. टेबलं इतकी चिकटून की शेजारच्या मावशींनी त्यांची भारंगीची रानभाजी मला चाखायला दिली. दोघींचं बिल ४२० रुपये. बाराच्या आत जा, शेवळं लवकर संपतात.