संचार साथी ॲप: पेन्शनर मंडळींच्या फोनमध्ये असावं का? माझे साडेतीन स्टार

बाबा जिल्हा परिषदेतून रिटायर झालेत, आणि नोव्हेंबर जवळ आला की हयातीच्या दाखल्याचे फसवे फोन सुरू. पीपीओ (पेन्शन ऑर्डरचा) नंबर सांगा, ओटीपी सांगा, नाहीतर पेन्शन बंद. म्हणून त्यांच्या फोनमध्ये दूरसंचार खात्याचं संचार साथी टाकून दिलं. हो तेच, जे डिसेंबर २०२५ मध्ये सगळ्या नव्या फोनमध्ये सक्तीने टाकणार म्हणून बोंबाबोंब झाली आणि मग सक्ती मागे घेतली. सक्ती नको हे बरोबरच, पण ॲप कामाचं आहे.

सगळ्यात भारी काय तर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. नंबर अर्धवट झाकलेले असतात, प्रत्येकापुढे हा माझा नाही, आता नको, किंवा पाहिजे असं निवडायचं. बाबांच्या नावावर एक जुना डोंगलचा नंबर निघाला, डोंगल कधीच भंगारात गेलाय आणि सिम आपलं चालूच!

दुसरं म्हणजे चक्षू, ॲपमधलीच संशयित फसवणूक कळवायची सोय. फसवा कॉल, मेसेज, व्हॉट्सअप काहीही आलं की स्क्रीनशॉट लावून कळवायचं. आज रात्री लाईट कापणार वाला मेसेज बाबांनी स्वतः रिपोर्ट केला, चष्मा पुसत पुसत का होईना, आणि मग दिवसभर शेजाऱ्यांना सांगत होते.

आता दीड स्टार कुठे कापले ते सांगतो. एक तर अँड्रॉइडवर कॉल लॉग आणि एसएमएसची परवानगी मागतं, आणि आपण घरी आईबाबांना बजावतो की कुठल्याच ॲपला एसएमएस वाचू देऊ नका, मग समजवायचं कसं? दुसरं, याने कॉल थांबत नाही. डिजिटल अरेस्टवाला, म्हणजे फोनवरच अटक केली म्हणणारा तोतया पोलीस, खाकी घालून व्हिडिओ कॉलवर आला तर तो कॉल आपणच कट करायचा, असली अटक कायद्यात नाहीच हे बाबांना आधीच सांगून ठेवलंय.

आणि पैसे गेले असतील तर चक्षूवर टाईमपास करू नका, ते त्यासाठी नाहीच. लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा, जितक्या लवकर कळवाल तितके पैसे पुढच्या खात्यात अडकवता येण्याचा चान्स जास्त. हा नंबर आम्ही मोठ्या अक्षरात फ्रीजवर चिकटवलाय. ॲप घ्यायचं तर प्ले स्टोअरवरूनच घ्या, व्हॉट्सअपवर कोणी एपीके फाईल (थेट ॲप टाकायची फाईल) पाठवली, अगदी साडूने पाठवली तरी उघडू नका.